जॉर्ज चिनरीचं मकाऊ : शाईचं जुनं रेखाटन वाचायचं कसं?

संग्रहालयांच्या आणि लिलावगृहांच्या याद्या चाळताना एक ओळ हमखास भेटते : 'जुन्या इमारतींमध्ये माणसं, पेन आणि शाई, एकोणिसावं शतक, आशिया.' शेजारचं चित्र जेमतेम तळहाताएवढं. एक पोपडे उडालेली भिंत, तिच्या सावलीला उकिडवे बसलेले तीन-चार जण, मधेच एखादं डुक्कर आणि कोपऱ्यात काहीतरी अगम्य खुणा. बघणारा दोन सेकंद थांबतो, 'छान आहे' म्हणतो आणि पुढे सरकतो. त्यात त्याची चूक नाही. तैलचित्र कसं बघावं यावर ढीगभर लिहिलेलं सापडतं. अशा चिटोऱ्यांबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

म्हणून या प्रकारातला एक पक्का गडी धरू आणि त्याच्या कागदांवरून हा प्रकार उलगडू. चित्रकार जॉर्ज चिनरी, गाव मकाऊ, काळ १८२५ ते १८५२.

चिनरी १७७४ मध्ये लंडनमध्ये जन्मला, तिथल्या रॉयल अकॅडमीच्या शाळेत शिकला, काही वर्षं डब्लिनमध्ये काढली आणि १८०२ मध्ये नशीब काढायला मद्रासला आला. तिथून बंगालमध्ये, काही काळ ढाक्यात आणि मग कलकत्त्यात. कंपनीच्या साहेबांची, त्यांच्या बायकामुलांची चित्रं काढणं हा धंदा, आणि तो उत्तम चालला. पण मिळकत मोठी तसा खर्च त्याहून मोठा. कर्ज इतकं वाढलं की सावकारांना चुकवायला तो आधी कलकत्त्याजवळच्या, डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपूरला (सेरामपूर) जाऊन राहिला आणि शेवटी १८२५ मध्ये थेट चीनच्या किनाऱ्यावर, पोर्तुगीज मकाऊत पोचला. सावकारांच्या जोडीला बायकोपासूनही तो पळाला, असं त्याच्याबद्दल सांगत. चिनी सरकार परदेशी बायकांना कँटन या जवळच्या चिनी व्यापारी बंदरात पाऊल ठेवू देत नाही, तेव्हा बायको इथवर आली तर मी कँटनला जाऊन सुरक्षित, असा विनोद तो स्वतःच करायचा. त्या बिचारीच्या बाजूने ही गोष्ट कुणी लिहून ठेवली नाही, हेही खरं. हॅरिएट लो या अमेरिकन तरुणीने मकाऊतल्या आपल्या रोजनिशीत त्याचं वर्णन केलंय, ते साधारण असं : दिसायला कुरूप, पण गप्पांना बसला की भुरळ घालणारा.

मकाऊ सोडून तो फारसा कुठे गेला नाही आणि १८५२ मध्ये तिथेच वारला. पोट भरायला व्यापाऱ्यांची चित्रं काढायची आणि सकाळी कागद-पेन्सिल घेऊन गल्लीबोळ हिंडायचे, असा त्याचा क्रम. त्याच्या नावावर आज जे हजारो छोटे कागद सापडतात, ते या हिंडण्यातले.

आता त्या काळाची आवड समजून घेऊ. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये पडक्या वास्तूंचं वेडच लागलं होतं. नीटनेटकी, सरळ भिंत चित्रात कंटाळवाणी. ढासळलेली, वेली चढलेली, कड तुटलेली भिंत सुंदर. विल्यम गिल्पिन नावाच्या पाद्र्याने या आवडीचे नियमच घालून दिले. त्याच्या १७८२ च्या प्रवासवर्णनात टिंटर्नच्या पडक्या मठाबद्दल तो गंभीरपणे लिहितो की त्याची त्रिकोणी टोकं फारच नीट उरली आहेत, कुणी विचारपूर्वक हातोडा चालवला तर बरं होईल. म्हणजे भग्न वास्तूही पुरेशी भग्न नाही ही तक्रार! हे डोक्यात ठेवलं की त्या काळातल्या चित्रांत एवढ्या पडक्या भिंती का, याचं कोडं सुटतं. गावात धड घरं नव्हती म्हणून नाही. चित्रकाराने धड घरांकडे पाठ फिरवली होती.

अशा चित्रांत माणसं कशाला? एक म्हणजे माप कळावं. कमानीखाली माणूस उभा केला की कमान किती उंच ते कळतं. दुसरं म्हणजे दगडांच्या गर्दीत जरा हालचाल दिसावी. बहुतेक चित्रकार ही माणसं शेवटी, ताटावर कोथिंबीर भुरभुरावी तशी टाकत. ती त्या गावची असायलाच हवीत असं नव्हतं. एका चित्रातला पगडीवाला दुसऱ्यात सहज खपून जाई. भारतात १७८६ ते १७९३ फिरलेल्या थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांच्या चित्रांत वास्तू कमालीच्या अचूक आहेत. भिंगातून येणारी प्रतिमा कागदावर पाडून गिरवायची पेटी, कॅमेरा ऑब्स्क्युरा, ते वापरत. माणसं मात्र पुष्कळदा नंतर सोयीने मांडलेली.

चिनरीचं गणित उलटं आहे, आणि म्हणूनच तो निवडला. त्याच्या कागदांवर भिंत कितीदा तरी चार-सहा रेघांत उरकलेली असते, आणि तिच्यापुढे बसलेल्या न्हाव्याच्या पाठीचा बाक मात्र पुन्हा पुन्हा काढलेला. एकाच कागदावर तोच माणूस तीन-चार आकारांत : एकदा पुरता, एकदा नुसती टोपी आणि खांदे, एकदा फक्त उकिडवं बसताना गुडघा कुठे येतो ते. बाजूला बोकडाचं डोकं. लोहार, फेरीवाले, जुगाराच्या डावाभोवती घोळका करून बसलेली माणसं, सांपान होडी वल्हवणाऱ्या टांका बायका. टांका म्हणजे होडीवरच जन्म काढणारा समाज. किनाऱ्यावरच्या चिनी लोकांनी त्यांना नेहमी खालचं मानलं. त्यांच्यातले काही जुन्या होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांतच घर करत, तीही चिनरीने काढली आहेत. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला हवी होती आठवण म्हणून चर्चची नाहीतर बंदराची देखणी चौकट. चिनरीला हवा होता चर्चच्या पायरीवर बसलेला माणूस. माझं मत विचाराल तर या कागदांची सारी गंमत या दोन गरजांच्या ओढाताणीत आहे.

त्या ओढाताणीला मकाऊसारखं गाव सापडलं, हे त्याचं नशीब. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पोर्तुगीज तिथे वसले होते. गाव एका चिंचोळ्या भूशिराच्या टोकाला. उत्तरेला एक वेस, आणि तिच्या पलीकडे परदेशी माणसाला मोकळेपणी जायची सोय नाही. थोडक्यात, चिनरीच्या वाट्याला आलेलं जग पायी सहज फिरून संपेल एवढंच होतं. म्हणून त्याच्या कागदांत तीच ती ठिकाणं येत राहतात : प्राया ग्रांदेचा अर्धगोल किनारा, खलाशांच्या आ-मा देवीचं देऊळ, सांव दुमिंगुशचं चर्च आणि त्याच्यासमोर चटयांच्या छपराखाली भरणारा बाजार. नवीन जागा मिळाली नाही की माणूस जुन्याच जागेत नवीन काहीतरी शोधू लागतो. सांव दुमिंगुशची त्याची चित्रं एकत्र पाहिली की चर्च तेच राहतं आणि पुढचा बाजार बदलत जातो.

सगळ्यात गाजलेली वास्तू सांव पावलूची. जेझुइट या कॅथलिक पंथाच्या धर्मगुरूंचं हे चर्च सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभं राहिलं. आराखडा कार्लो स्पिनोला या इटालियन जेझुइटाचा असं मानतात, आणि कोरीवकामात जपानमधून परागंदा झालेल्या ख्रिस्ती कारागिरांचा हात होता. त्यामुळे दर्शनी भिंतीवर संतांच्या मूर्तींच्या जोडीला चिनी अक्षरं, सिंह, पोर्तुगीज जहाज आणि सात तोंडांच्या अजस्र सापाला पायाखाली दाबणारी मेरी असा सगळा मेळा आहे. जेझुइटांना १७६२ मध्ये मकाऊतून हाकललं, पुढे तिथे सैनिक राहू लागले, आणि २६ जानेवारी १८३५ ला स्वयंपाकघरातून पेटलेल्या आगीत सगळं खाक झालं. उरली ती फक्त दर्शनी भिंत आणि तिच्यापर्यंत चढत जाणाऱ्या साठाहून जास्त पायऱ्या. आज मकाऊच्या प्रत्येक जाहिरातीत दिसते ती हीच भिंत. चिनरीने हे चर्च आगीच्या आधी, १८३४ मध्येही काढलेलं आहे. त्यामुळे त्या काळातल्या चित्रकाराला भग्न वास्तूचंच वेड असतं, या सोप्या समजुतीला इथे जरा मुरड घालावी लागते. त्याने ते धडधाकट असतानाच काढलं होतं. पडझड नंतर आयती आली.

आता प्रत्यक्ष कागदाकडे येऊ. तो हातात आला, किंवा संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठा करून पाहता आला, की पहिल्यांदा शाईखाली बघावं. बहुतेक कागदांवर पेन्सिलीच्या पुसट रेषा दिसतात. चिनरी जागेवर पेन्सिलीने भराभर टिपायचा आणि घरी येऊन त्यावर पेनाने शाई चढवायचा. म्हणजे एकाच कागदावर दोन वेळा आहेत : एक गल्लीतली, दुसरी टेबलाशी बसलेली. जिथे शाईची रेघ पेन्सिलीवरून जाते तिथे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं पक्कं केलं. जिथे शाई पेन्सिल सोडून भलतीकडे वळते, तिथे त्याने घरी बसून विचार बदलला. आणि जिथे पेन्सिल आहे पण शाईच नाही, ते त्याला दुसऱ्यांदा महत्त्वाचं वाटलं नाही. कॅटलॉगमधल्या तीन ओळींपेक्षा ही तपासणी कितीतरी जास्त सांगते.

रेघ कशी आहे तेही बघण्यासारखं. चिनरीची रेघ लांबलचक, एकसंध नसते; ती तुटक, आकड्यासारखी वळणारी, सावलीच्या बाजूला एकदम जाड होणारी. सपाट भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी टाकून तो ऊन तापल्याचं दाखवतो. चेहरे मात्र बरेचदा कोरे. डोळे-नाक नाही, पण टोपी कशी कलली आहे, वेणी पाठीवर कुठे पडली आहे, काखेत काय धरलं आहे, यावरून माणूस दमलाय की खेळात रंगलाय ते लगेच कळतं.

शाईच्या रंगावरून फसायला होतं, म्हणून दोन शब्द त्याबद्दल. जुनं रेखाटन तपकिरी दिसलं की लोक त्याला बेधडक 'सेपिया' म्हणतात. सेपिया ही खरं तर माकुलाच्या पोटातल्या शाईपासून केलेली. अठराव्या शतकाच्या शेवटी ती चित्रकारांत लोकप्रिय झाली. पण तेव्हा युरोपात लिहायची रोजची शाई होती मायफळ आणि हिराकस यांची. ती कागदावर उतरली की काळीभोर होते आणि वर्षानुवर्षांनी तपकिरी पडते. जास्तच तीव्र असली तर कागदही खाते. तेव्हा आज मऊ, उदास वाटणारं तपकिरी चित्र काढलं त्या दिवशी कदाचित काळंकुट्ट होतं. ती उदासी चित्रकाराची नसून हिराकसाची असू शकते! काजळीची शाई, आपल्या पोथ्या जिने लिहिल्या त्याच जातीची, मात्र काळीच राहते. नुसत्या नजरेने यातलं नक्की कुठलं ते ठरवणं अवघड. त्याला प्रयोगशाळा लागते.

कागद उजेडासमोर धरला तर आत जलचिन्ह (वॉटरमार्क) दिसू शकतं. इंग्लंडमध्ये १७९४ च्या कायद्याने निर्यातीच्या कागदावरचा कर परत मिळवायचा तर जलचिन्हात साल असणं गरजेचं झालं, म्हणून त्या काळातल्या अनेक इंग्रजी कागदांत गिरणीच्या नावासोबत साल सापडतं. चित्र त्या सालाआधीचं असू शकत नाही, एवढं त्यावरून पक्कं होतं. नंतरचं कितीही असू शकतं, कारण कागद वर्षानुवर्षं पडून राहायचा.

आणि त्या कोपऱ्यातल्या अगम्य खुणा? त्या चिनी नाहीत, अरबी नाहीत. ते शॉर्टहँड आहे. चिनरीचे आजोबा सुलेखनाचे शिक्षक होते आणि गर्नीच्या लघुलेखन पद्धतीचे जाणकार. ब्रिटनच्या न्यायालयांत आणि संसदेत वापरली जायची तीच पद्धत. ती विद्या घरातूनच नातवाकडे आली. आयुष्यभर तो रेखाटनांच्या कडेला या लिपीत स्वतःसाठी टिपणं करत राहिला : तारीख, उजेड कुठून येतोय, अमुक रंग, हे बरोबर आहे, हे मोठं हवं. पुष्कळ वर्षं लोक त्याकडे नुसती नक्षी म्हणून बघत होते. विसाव्या शतकात हाँगकाँगमधले ग्रंथपाल जेफ्री बॉन्सॉल यांनी चिकाटीने त्यातली पुष्कळ टिपणं वाचून काढली, आणि नुसत्या 'एकोणिसावं शतक' एवढ्यावर अडलेल्या कागदांना एकदम दिवस, महिना, वर्ष मिळालं.

या टिपणांवरून एक गोष्ट कळते जी इतिहासासाठी महत्त्वाची आहे. यातले बहुतेक कागद विकायला काढलेलेच नव्हते. हा त्याचा साठा होता. पुढे एखाद्या व्यापाऱ्याने तैलचित्र मागितलं की साठ्यातून एक चर्च घ्यायचं, दुसऱ्या कागदावरचा न्हावी घ्यायचा, तिसऱ्यावरची डुकरं, आणि सगळं मिळून एक छान देखावा बसवायचा. तेव्हा जुनं मकाऊ खरंच कसं दिसायचं हे शोधणाऱ्याने रंगीत, मोठ्या, पूर्ण चित्रापेक्षा या कच्च्या कागदावर जास्त भरवसा ठेवावा. तैलचित्रात एकमेकांशेजारी बसलेली ती माणसं प्रत्यक्षात कधी भेटलीही नसतील.

भरवशाच्याही मर्यादा आहेत. चिनरीचे बडे गिऱ्हाईक म्हणजे विल्यम जार्डिन, जेम्स मॅथेसन यांच्यासारखे व्यापारी, आणि त्यांचा पैसा अफूचा. त्यातला बराच माल मुंबईहून निघे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाई, आणि सर जमशेटजी जीजीभाई हे जार्डिनचे मुंबईतले मोठे भागीदार. पुढे त्यांच्याच देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. मकाऊत पारशी व्यापाऱ्यांची ये-जा इतकी होती की तिथे त्यांची स्वतंत्र दफनभूमी आहे. पण चिनरीचे हे गल्लीबोळातले कागद पाहून कुणाला अंदाजही येणार नाही की हे गाव त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या चोरट्या व्यापाराच्या उंबऱ्यावर बसलंय आणि १८३९ मध्ये इथल्या इंग्रजांना चंबूगबाळं आवरून निघावं लागणार आहे. न्हावी, लोहार, फेरीवाला यांच्याइतकंच खरं ते जगही होतं. त्याच्या कागदावर ते उतरलं नाही.

गोव्याचा धागा जास्त जुना. मकाऊचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत होता, आणि जेझुइटांचं सांव पावलू नावाचं विद्यालय आधी गोव्यात उभं राहिलं, मग मकाऊत. जुन्या गोव्यात त्या विद्यालयाची आज एक कमान तेवढी शिल्लक आहे. दोन गावं, एकाच नावाच्या दोन संस्था, आणि दोन्हीकडे उरलंय ते फक्त तोंड. जुन्या गोव्याला चिनरीसारखा रोज सकाळी हिंडणारा चित्रकार मिळाला असता तर, असं वाटून जातं.

आपल्याकडे त्याच सुमाराला वेगळंच काही चाललं होतं. पुण्यात ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी गंगाराम तांबट हे मराठी चित्रकार १७९० च्या दशकात वेरूळची लेणी रेखाटत होते. ते कागद आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. शाई आणि वॉशमधल्या (पाण्याने पातळ केलेल्या रंगाच्या) या चित्रांत पडझडीची हळहळ नाही. लेणं कसं कोरलंय, खांब कुठे आणि मूर्ती कुठे, हे समजून घेऊन मांडलेलं आहे. वास्तू जुनी आहे म्हणून ती उदासच वाटली पाहिजे, हा युरोपचा त्या काळातला संस्कार होता. तो नसलेला हात कसा चालतो ते बघायचं तर चिनरीच्या शेजारी तांबटांचा कागद ठेवून पाहावा.

मकाऊत कॅमेराही चिनरीच्या हयातीतच आला. फ्रेंच शिष्टमंडळासोबत आलेल्या ज्यूल इतिए या जकात अधिकाऱ्याने १८४४ च्या ऑक्टोबरात मकाऊची डगेरोटाइप, म्हणजे चांदीच्या मुलाम्याच्या पाटीवर उमटणारी, छायाचित्रं घेतली. चीनच्या सगळ्यात जुन्या छायाचित्रांत त्यांची गणना होते. इमारती त्यात लखलखीत. पण पाटीवर प्रतिमा उमटायला बराच वेळ लागे, आणि तेवढ्यात जो हलला तो पुसट झाला किंवा नाहीसाच. बाजारातली उकिडवी बसलेली, उठणारी, भांडणारी माणसं टिपायला अजून बरीच वर्षं पिसाची लेखणीच कामाची होती.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. चिनरीकडे पुष्कळ जण शिकले : ढाक्याचे कलेक्टर सर चार्ल्स डॉइली, मकाऊतले डॉक्टर थॉमस वॉटसन, तिथलाच मार्सियानो बाप्तिस्ता. कँटनचा नामांकित चित्रकार लामक्वाही त्याच्या शैलीत हुबेहूब काम करायचा; तो शिष्य होता की प्रतिस्पर्धी, यावर त्या दोघांचंच एकमत नव्हतं. त्यामुळे चिनरीसारखे दिसणारे कागद बाजारात बरेच. कॅटलॉगची भाषा इथे नीट वाचावी. नुसतं 'जॉर्ज चिनरी' लिहिलं असेल तर तज्ज्ञांच्या मते हात त्याचाच. 'चिनरीच्या नावावर' म्हणजे बहुधा त्याचा, पण छातीठोक नाही. 'चिनरीच्या वर्तुळातला' म्हणजे त्याच्या ओळखीतल्या, काळातल्या कुणाचा तरी. 'चिनरीच्या शैलीत' म्हणजे तो कागद कुणाचाही, अगदी नंतरचाही असू शकतो. या चार शब्दप्रयोगांत किमतीचा फरक कित्येक पटींचा पडतो. आणि कागदावर कडेला लघुलिपीतल्या खुणा असतील तर विक्रेता ते न विसरता, पहिल्याच ओळीत सांगतो.